डग्लस ॲडम्स: कॉम्प्युटरला उलट उत्तरं द्यायला शिकवणारा लेखक

फोनवरच्या चॅटबॉटला काहीतरी विचारायचं आणि त्यानं माणसासारखं उत्तर द्यायचं, याचं आता कुणाला फारसं कौतुक राहिलेलं नाही. पण १९८४ साली, फ्लॉपी डिस्कच्या जमान्यात, असा एक गेम आला होता ज्यात तुम्ही काही टाइप केलं की कॉम्प्युटर तुमच्याशी वाद घालायचा, टोमणे मारायचा आणि एका ठिकाणी तर चक्क खोटं बोलायचा. ग्राफिक्स शून्य, आवाज शून्य. स्क्रीनवर फक्त अक्षरं. हा गेम दोघांनी मिळून केला होता आणि त्यातला एक होता इंग्लिश लेखक डग्लस ॲडम्स.

त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याच्या खुणा नक्की पाहिल्या असतील. प्रोग्रामर लोक कोडमध्ये उदाहरण म्हणून एखादा आकडा टाकायचा असला की ४२ टाकतात, तो त्याच्यामुळे. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिननं भाषांतराची मोफत सेवा सुरू केली, तिचं नाव बेबल फिश. तेही त्याच्याच कथेतलं. बुद्धिबळ खेळणाऱ्या डीप ब्लूच्या आधी डीप थॉट नावाचा कॉम्प्युटर होता, ते नावसुद्धा त्याचंच.

हे सगळं कादंबरीकार ॲडम्समुळे. आज मात्र मला गेमवाल्या ॲडम्सबद्दल लिहायचंय. स्टोरी असलेले, कोडी घालणारे गेम ज्यांना आवडतात, त्यांनी हा माणूस माहीत करून घ्यायला हवा.

केंब्रिज, कोंबड्यांची खुराडी आणि रेडिओ

ॲडम्सचा जन्म ११ मार्च १९५२ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. तो पाच वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि तो आईबरोबर एसेक्समधल्या ब्रेंटवूड गावी आला. शाळेत असल्यापासूनच तो ताडमाड उंच. मोठेपणी त्याची उंची सहा फूट पाच इंच होती. शाळेतल्या एका मास्तरांनी त्याच्या गोष्टीला दहापैकी दहा मार्क दिले होते. हे मास्तर पूर्ण मार्क कुणालाच देत नसत. पुढे आयुष्यभर लिहिताना अडकला की ॲडम्स ते दहा मार्क आठवायचा.

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये त्यानं इंग्रजी साहित्य घेतलं आणि १९७४ ला पदवी मिळवली. खरं लक्ष मात्र फूटलाइट्सकडे, म्हणजे विद्यापीठाच्या विनोदी नाटकवाल्या क्लबकडे. मॉन्टी पायथन या गाजलेल्या ग्रुपमधले काही जण याच क्लबमधून आले होते. त्यांच्यातल्या ग्रॅहम चॅपमनबरोबर ॲडम्सनं काही काळ लेखन केलं, पण त्यातून पोट भरेना. मग मिळेल ते काम. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या ट्रॉल्या ढकलल्या, कोंबड्यांची खुराडी साफ केली, कतारच्या एका श्रीमंत कुटुंबाचा बॉडीगार्ड म्हणून हॉटेलात रात्र रात्र बसला.

नशीब फिरलं ते ८ मार्च १९७८ ला. त्या रात्री बीबीसी रेडिओ ४ वर त्याची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही मालिका सुरू झाली. गोष्ट अशी: आर्थर डेंट हा साधासुधा माणूस सकाळी उठतो तर त्याचं घर पाडायला बुलडोझर आलेला, कारण तिथून बायपास जाणार आहे. थोड्याच वेळात कळतं की अंतराळातला हायवे बांधायचाय म्हणून पृथ्वीही पाडली जाणार आहे. पृथ्वी खरंच नष्ट होते आणि आर्थर अंगात ड्रेसिंग गाऊन, खांद्यावर टॉवेल अशा अवतारात आकाशगंगेत भटकायला लागतो. बरोबर असतं एक इलेक्ट्रॉनिक पुस्तक. हातात मावेल एवढं, बटण दाबलं की कुठल्याही ग्रहाची माहिती सांगणारं. १९७८ साली ही निव्वळ कल्पना होती. आज ते यंत्र तुमच्या खिशात आहे.

मालिका गाजली. १९७९ ला त्यावरची कादंबरी आली आणि ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिली गेली. सत्तावीस वर्षांचा ॲडम्स एकदम स्टार झाला.

लिहायचं सोडून सगळं

इथून एक भानगड सुरू झाली. ॲडम्सला लिहिणं म्हणजे शिक्षा वाटायची. डेडलाइन चुकवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौथी कादंबरी १९८४ ला यायची होती आणि पानं तयारच होईनात. शेवटी त्याचे संपादक सनी मेहता लंडनच्या हॉटेलात एका स्वीटमध्ये त्याच्याबरोबर जाऊन राहिले, पुस्तक पूर्ण होईपर्यंत पहारा द्यायला. हे मेहता दिल्लीत जन्मलेले, आणि पुढे अमेरिकेत नॉफ प्रकाशनाचे प्रमुख झाले.

लिहिणं टाळण्यासाठी ॲडम्सला सापडलेली सगळ्यात छान पळवाट म्हणजे कॉम्प्युटर. १९८२–८३ पासून तो एकामागून एक मशीन घेत सुटला. ॲपलच्या मॅकिन्टॉशवर तर त्याचा जीव जडला. ब्रिटनमधला पहिला मॅक त्यानं घेतला आणि दुसरा त्याचा मित्र, अभिनेता स्टीफन फ्राय यानं, असं सांगितलं जातं.

नवीन फोन घेतल्यावर आपण दोन दिवस सेटिंग्जमध्येच रमतो ना, तसंच त्याचं. फरक इतकाच, की या खेळण्यात त्याला एक वेगळी शक्यता दिसली. पुस्तक वाचणारा माणूस लेखकाला उलट काही बोलू शकत नाही. कॉम्प्युटरवर तो बोलू शकतो, आणि तो काय बोलेल याचा आधीच अंदाज घेऊन लेखक उत्तर तयार ठेवू शकतो. फूटलाइट्समध्ये स्केचेस लिहिलेल्या, समोरचे प्रेक्षक कुठे हसतील याचा हिशोब करणाऱ्या माणसाला ही गंमत कळणारच.

टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणजे नेमकं काय?

पुढे जायच्या आधी हा प्रकार समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो खेळलेला नाही.

१९७६ च्या आसपास विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरनं गुहेत फिरण्याचा एक गेम लिहिला. १९७७ ला डॉन वुड्सनं त्यात भर घातली. याला 'ॲडव्हेंचर' म्हणायचे, आणि या जातीच्या सगळ्या गेम्सना ते नाव चिकटलं ते इथूनच. स्क्रीनवर वर्णन येतं: तुम्ही अमुक खोलीत आहात, समोर कंदील पडलाय. तुम्ही इंग्रजीत टाइप करता: कंदील उचल. गेम म्हणतो: उचलला. मग उत्तरेला जा, दार उघड, असं करत गोष्ट पुढे सरकते. तुमचं वाक्य तोडून त्यातलं क्रियापद कोणतं आणि वस्तू कोणती हे शोधणाऱ्या कोडला पार्सर म्हणतात.

'ॲडव्हेंचर' पाहून एमआयटीमधल्या काही जणांनी 'झॉर्क' लिहिला आणि १९७९ ला इन्फोकॉम ही कंपनी काढली. इन्फोकॉमचा पार्सर त्या काळात सर्वात हुशार समजला जायचा. बाकीच्यांचे गेम दोन शब्दांवर अडायचे, यांचा गेम अख्खं वाक्य समजून घ्यायचा.

इन्फोकॉमची आणखी एक युक्ती इंजिनिअर म्हणून मला जबरदस्त वाटते. तेव्हा ॲपल, कमोडोर, अटारी, आयबीएम अशी प्रत्येकाची वेगळी मशीन होती आणि एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नसे. इन्फोकॉमनं काय केलं, तर झेड-मशीन नावाचा एक काल्पनिक कॉम्प्युटर ठरवला. गेम एकदाच, त्या काल्पनिक कॉम्प्युटरसाठी लिहायचा. मग प्रत्येक खऱ्या मशीनसाठी फक्त एक छोटा प्रोग्राम बनवायचा, जो त्या काल्पनिक कॉम्प्युटरची नक्कल करेल. जावाचं व्हर्च्युअल मशीन पुढे याच विचारावर उभं राहिलं. त्यामुळेच चाळीस वर्षांपूर्वीचे ते गेम आज तुमच्या अँड्रॉइडवरसुद्धा जसेच्या तसे चालतात.

१९८४: ॲडम्स आणि मेरेट्झ्की

ॲडम्स इन्फोकॉमच्या गेम्सचा चाहता होता. हिचहायकर्सचा गेम करायचं ठरलं तेव्हा कंपनीनं त्याच्या जोडीला स्टीव्ह मेरेट्झ्कीला दिलं. मेरेट्झ्कीचा 'प्लॅनेटफॉल' हा विनोदी अंतराळ-गेम १९८३ लाच आला होता. एक इंग्लंडमध्ये, दुसरा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये. दोघं ईमेलनं काम करायचे, तेही १९८४ साली, जेव्हा ईमेल म्हणजे काय हे बहुतेकांना माहीतही नव्हतं. ॲडम्स प्रसंग आणि कोडी लिहून पाठवायचा, मेरेट्झ्की त्याचं कोडिंग करायचा आणि राहिलेल्या फटी भरायचा.

अर्थात ॲडम्सनं इथेही उशीर केलाच. शेवटी मेरेट्झ्की विमानानं इंग्लंडला आला आणि डेव्हनमधल्या एका जुन्या गढीसारख्या हॉटेलात बसून दोघांनी उरलेला भाग ठरवला. त्याच दिवसांत ॲडम्सनं ती चौथी कादंबरी लिहिणं अपेक्षित होतं. म्हणजे एक डेडलाइन चुकवण्यासाठी दुसरीचं काम!

गेम १९८४ लाच बाजारात आला आणि इन्फोकॉमच्या सर्वाधिक खपलेल्या गेम्सपैकी एक ठरला. आकार? या प्रकारच्या झेड-मशीन फाइलची कमाल मर्यादा १२८ किलोबाइट होती, आणि अख्खा गेम त्याच्या आत बसवला होता. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा कधी कधी याहून मोठा असतो.

डबा उघडला की फ्लॉपीबरोबर काही वस्तू निघायच्या. घाबरून जाऊ नका असं सांगणारा बिल्ला. पुठ्ठ्याचा काळा गॉगल, ज्यातून काहीही दिसत नाही, कारण संकट दिसलंच नाही तर भीती वाटणार नाही. खिशातली लोकर. आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी, जिच्यात म्हणे डोळ्याला न दिसणारा अंतराळयानांचा ताफा आहे.

खेळताना काय वाटतं?

मी हा गेम फोनच्या ब्राउझरमध्ये खेळलो. (इथून पुढे दोन-तीन कोड्यांची उत्तरं फुटतील, त्यामुळे आधी स्वतः खेळायचं असेल तर पुढच्या भागावर उडी मारा.)

सुरुवात अंधारात. डोकं दुखतंय. दिवा लावायला सांगावं लागतं, उठायला सांगावं लागतं, गाऊन घालायला सांगावं लागतं, डोकेदुखीची गोळी शोधावी लागते. बाहेर बुलडोझरचा आवाज. आजच्या भाषेत हे ट्युटोरियल आहे, पण कुठेही बाण नाही, सूचना नाही.

तुमच्याकडे काय काय आहे असं विचारलं की गेम यादी देतो. त्या यादीत एक गोष्ट असते: चहा नसणं. हो, चहाचा अभाव ही एक वस्तू म्हणून तुमच्याजवळ असते. सुरुवातीला वाटतं, नुसता जोक आहे. पुढे एक दार भेटतं, ज्याला तुमच्या बुद्धिमत्तेचा पुरावा हवा असतो. पुरावा म्हणजे चहा आणि चहा नसणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जवळ असणं. त्यासाठी तुम्हाला स्वतःच्या मेंदूत शिरून तिथला कॉमन सेन्सचा कण काढून टाकावा लागतो. जोकचं कोडं झालं आणि कोड्याची गोष्ट झाली. इतकी वर्षं गेम खेळतोय, पण एखाद्या गेमच्या इन्व्हेंटरीनं मला इतकं हसवल्याचं आठवत नाही.

सगळ्यात गाजलं ते बेबल फिशचं कोडं. एक मशीन आहे, बटण दाबलं की त्यातून मासा उडतो. तो कानात गेला तरच परग्रहवासीयांची भाषा कळणार. पण मासा समोरच्या भिंतीतल्या भोकात जातो. भोकाच्या वर गाऊन टांगा, तर तो गाऊनवरून घसरून गटारात. गटारावर टॉवेल टाका, तर सफाईचा रोबो येऊन मासा पळवतो. रोबोच्या वाटेत बॅग ठेवा, तर दुसरा उडता रोबो मासा हवेतच झेलतो. मग बॅगेवर रद्दी टपालाचा गठ्ठा ठेवायचा, म्हणजे तो रोबो उडालेली पत्रं गोळा करत बसतो आणि मासा एकदाचा कानात! प्रत्येक उपायावर नवा अपाय. आपल्या घरातला नळ दुरुस्त करायला घेतल्यावर असंच होतं. हे कोडं इतक्या लोकांना छळून गेलं की इन्फोकॉमनं बेबल फिश मिळाल्याचं मिरवणारे टी-शर्ट विकले.

आता दुसरी बाजू. ते टपाल गेमच्या अगदी सुरुवातीला, घराच्या दाराशी पडलेलं असतं. नाही उचललं तर पृथ्वीबरोबर तेही गेलं. पबबाहेरच्या कुत्र्याला तुम्ही सँडविच घातलं नाही, तर बऱ्याच वेळानंतर तोच कुत्रा तुमचा सूक्ष्म ताफा गिळतो आणि खेळ संपतो. शेवटाकडे मार्विन नावाचा कायम खिन्न असलेला रोबो तुमच्याकडे एक हत्यार मागतो. दहापैकी एखादं तुमच्याजवळ नसेल, तर तो नेमकं तेच मागतो.

हा अन्याय आहे का? आहे. गेम जिंकणं अशक्य झालंय हे तुम्हाला तासाभरानं कळतं आणि सेव्ह फाइल नसेल तर सगळं पहिल्यापासून. पुढच्या काळात रॉन गिल्बर्टसारख्या डिझायनरनी, १९९० च्या 'मंकी आयलंड'मध्ये, खेळणारा असा कायमचा अडकणार नाही याची काळजी घेतली. मला तीच पद्धत योग्य वाटते. वेळ खेळणाऱ्याचा असतो, त्याची चेष्टा करावी पण चोरी करू नये.

तरीही एक प्रसंग असा आहे ज्यासाठी मी हे सगळं माफ करतो. पार्सरला तुमचं वाक्य कळलं नाही की तो तसं सांगतो आणि आपण पुढे जातो. हिचहायकर्समध्ये असं न कळलेलं एक वाक्य अवकाशातल्या भेगेतून कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर पोचतं. तिथे दोन सेनापती तहाची बोलणी करत बसलेले असतात. तुमचे ते शब्द त्यांच्या भाषेत भयंकर शिवी ठरतात आणि युद्ध पेटतं. मघाचा सूक्ष्म ताफा निघतो तो याच अपमानाचा बदला घ्यायला.

विचार करा. पार्सरची सगळ्यात मोठी कमजोरी म्हणजे त्याला बरंच काही कळत नाही. ॲडम्स आणि मेरेट्झ्कीनं ती कमजोरी लपवली नाही, तिलाच गोष्टीत कामाला लावलं. खेळणाऱ्याची एक फालतू टायपिंगची चूक, आणि त्यातून अख्खं युद्ध. 'द स्टॅन्ली पॅराबल' खेळताना निवेदक आपल्याशी भांडतो, 'पोर्टल'मध्ये कॉम्प्युटर गोड बोलून फसवतो, ते पाहिलं की मला हाच गेम आठवतो.

पत्ता बदलायचा अर्ज

इन्फोकॉमसाठीचा त्याचा दुसरा गेम 'ब्यूरोक्रसी', १९८७ चा. मूळ अनुभव खरा होता. ॲडम्सनं घर बदललं, बँकेला नवा पत्ता कळवला, आणि बँक जुन्याच पत्त्यावर पत्रव्यवहार करत राहिली. काउंटरवर कधी पत्ता बदलायला गेला असाल तर बाकीचं सांगायची गरज नाही. गेममध्ये सुरुवातीलाच तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतात आणि त्यातली माहिती पुढे तुमच्याच विरुद्ध वापरतात. पात्राचा रक्तदाब मोजला जातो. चुकीचं काही टाइप केलं तरी तो चढतो, आणि फार चढला की खेळ खल्लास.

कल्पना भन्नाट, पण ॲडम्सनं लक्ष काढून घेतलं. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, अनेकांच्या हातातून फिरलं आणि शेवटी त्याचा मित्र मायकेल बायवॉटर आणि इन्फोकॉमच्या लोकांनी ते तडीस नेलं. तोवर काळ बदलला होता. लोकांना स्क्रीनवर चित्रं हवी होती. इन्फोकॉम १९८६ ला ॲक्टिव्हिजननं विकत घेतली आणि १९८९ ला बंद पडली.

गंमत म्हणजे हा बदलही ॲडम्सनं जवळून पाहिला. लुकासफिल्म गेम्सच्या 'लॅबिरिंथ' या १९८६ च्या गेमसाठी त्यानं कल्पना सुचवल्या होत्या. तो गेम साध्या टेक्स्ट ॲडव्हेंचरसारखा सुरू होतो आणि थोड्या वेळानं अक्षरांमधून चित्रांच्या जगात शिरतो.

बोलणारं जहाज

मधली काही वर्षं इतर कामांत गेली. डर्क जेंटली या डिटेक्टिव्हच्या दोन कादंबऱ्या आल्या. प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डीनबरोबर नामशेष होत चाललेले प्राणी पाहत तो जगभर हिंडला, त्यातून १९९० ला 'लास्ट चान्स टू सी' हे पुस्तक झालं. त्याच वर्षी बीबीसीवर त्याची 'हायपरलँड' ही फिल्म आली. तीत टीव्ही पाहता पाहता झोपी गेलेल्या माणसाच्या स्वप्नात एक सॉफ्टवेअर सहायक येतो आणि एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उड्या मारायला शिकवतो. लिंकवर क्लिक करत भटकणं तेव्हा सामान्य लोकांनी पाहिलंही नव्हतं. १९९१ ला त्यानं जेन बेल्सनशी लग्न केलं, १९९४ ला मुलगी पॉली झाली.

१९९३ ला 'मिस्ट' आला. सुंदर चित्रं, अवघड कोडी, आणि जवळजवळ निर्मनुष्य बेट. त्यानंतर ॲडव्हेंचर गेम म्हणजे शांतपणे क्लिक करत फिरणं, असं समीकरणच झालं. बोलणं संपलं होतं.

ॲडम्सनं मित्रांबरोबर द डिजिटल व्हिलेज ही कंपनी काढली आणि नेमकं बोलणंच परत आणायचं ठरवलं. 'स्टारशिप टायटॅनिक' तीन सीडींवर आला, १९९८ ला, अर्थातच ठरल्यापेक्षा उशिरा. एक आलिशान अंतराळजहाज तुमच्या घरावर आदळतं आणि तुम्ही त्यात चढता, थर्ड क्लासचे प्रवासी म्हणून. जहाजावर रोबो कर्मचारी: दारावरचा, लिफ्टमधला, रिसेप्शनवरचा, बारमधला. शिवाय एक आगाऊ पोपट, ज्याला मॉन्टी पायथनवाल्या टेरी जोन्सनं आवाज दिला. एका बॉम्बचा आवाज जॉन क्लीझचा. तो बॉम्ब हजारापासून उलटे आकडे मोजतो, आणि तुम्ही मध्येच त्याच्याशी गप्पा मारल्या की त्याचा आकडा चुकतो.

या सगळ्यांशी तुम्ही टाइप करून बोलू शकता. त्यामागच्या सिस्टिमचं नाव स्पूकीटॉक. तुमच्या वाक्यातले शब्द आणि रचना ओळखायची, त्या रोबोचा स्वभाव आणि आत्ताचा मूड बघायचा, आणि आधीच रेकॉर्ड केलेल्या हजारो वाक्यांतून एक निवडायचं. लेखकांनी ती वाक्यं एकेक करून लिहिली, नटांनी एकेक करून म्हटली.

समीक्षकांची मतं विभागली गेली. कोडी काहींना किचकट वाटली, आणि रोबो कित्येकदा प्रश्नाला बगल देऊन भलतंच बोलायचे. पण जेव्हा उत्तर बरोबर बसायचं तेव्हा अंगावर काटा यायचा, की हे यांना कसं कळलं, मी हे विचारणार ते?

आजचे बॉट आणि तेव्हाचे बॉट

इथे एक फरक नीट समजून घेऊ. आजचा चॅटबॉट प्रचंड मजकुरावर शिकलेला असतो आणि पुढचा शब्द कोणता असावा हे गणितानं ठरवत उत्तर बनवतो. तो कशावरही बोलू शकतो. ॲडम्सच्या गेममधलं प्रत्येक उत्तर मात्र कुणीतरी आधी बसून लिहिलेलं होतं. इथे खेळणारा वैतागून काय टाइप करेल? शिवी दिली तर? एकच गोष्ट तीनदा केली तर? गेममध्ये एके ठिकाणी तुम्हाला सांगितलं जातं की त्या दिशेला जाता येत नाही. तुम्ही हट्टानं परत परत तेच टाइप केलं की गेम कबूल करतो की तो खोटं बोलत होता. म्हणजे एक माणूस १९८४ साली बसून विचार करत होता की एखादा चिकट माणूस इथे हट्ट करेल, त्याला बक्षीस मिळायला हवं.

रोज कोड लिहिताना मला हे आठवतं. आपण एरर मेसेज लिहितो तेव्हा समोर कुणी माणूस आहे याचा किती विचार करतो? 'समथिंग वेंट राँग' टाकतो आणि मोकळे होतो. मशीन किती बोलतं यापेक्षा, बोलण्याआधी कुणी तुमचा विचार केला होता का, हे खेळणाऱ्याला बरोबर कळतं. १२८ किलोबाइटमध्येही कळतं.

शेवट

१९९९ ला ॲडम्सच्या कंपनीनं एचटूजीटू ही वेबसाइट सुरू केली. त्याच्या कथेतलं गाइड खरोखर बनवायचा हा प्रयत्न होता. लेख वाचकांनीच लिहायचे, कुठल्याही विषयावर. विकिपीडिया येण्याच्या जवळपास दोन वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे पैशांची चणचण झाली आणि २००१ च्या सुरुवातीला बीबीसीनं ती साइट चालवायला घेतली.

तोवर ॲडम्स कुटुंबासह कॅलिफोर्नियात राहायला गेला होता, हिचहायकर्सच्या सिनेमाच्या मागे. ११ मे २००१ ला जिममध्ये व्यायामानंतर हार्ट ॲटॅकनं त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ४९. सिनेमा आला २००५ ला. एक कादंबरी अर्धवट राहिली, तिची पानं त्याच्या कॉम्प्युटरवर सापडली आणि २००२ ला 'द सॅमन ऑफ डाउट' या पुस्तकात छापली गेली. पहिला आयफोन यायला अजून सहा वर्षं होती. ज्या यंत्राची गोष्ट त्यानं पंचविशीत लिहिली, ते हातात घेणं त्याला मिळालं नाही.

दरवर्षी २५ मे ला त्याचे चाहते टॉवेल घेऊन फिरतात. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्याच्या थडग्याजवळ लोक पेन ठेवून जातात. लिहिणं टाळणाऱ्या माणसाला याहून चांगला टोमणा नसेल.

खेळून बघायचंय?

बीबीसीनं २००४ ला या गेमची चित्रांसह ऑनलाइन आवृत्ती काढली आणि २०१४ ला, ३० वर्षं झाल्याबद्दल, ब्राउझरमध्ये चालणारी नवी आवृत्ती आणली. सर्चमध्ये गेमचं नाव आणि बीबीसी असं टाकून शोधा. सुरू करण्याआधी एवढं लक्षात ठेवा:

- कमांड इंग्रजीतच टाइप कराव्या लागतात. छोटी वाक्यं पुरतात: क्रियापद आणि वस्तू. बघायला 'लुक', उचलायला 'टेक', जवळ काय आहे ते पाहायला 'इन्व्हेंटरी'.
- दर थोड्या वेळानं 'सेव्ह' करा, आणि जुनी सेव्ह पुसू नका.
- घरातून निघताना दाराशी पडलेलं टपाल उचला. कुत्र्याला खायला घाला.
- अडकलात तर मुद्दाम वेडंवाकडं काहीतरी टाइप करून बघा. बऱ्याचदा तिथेही कुणीतरी तुमच्यासाठी उत्तर लिहून ठेवलेलं असतं.